हापूसच्या जुन्या बागा : पैशापेक्षा संमतीचीच टंचाई

हापूसचा हंगाम आला की पेटीचे भाव, परराज्यातील आंब्याची भेसळ आणि लांबलेला मोहोर यांची चर्चा रंगते आणि पहिल्या पावसाबरोबर संपते. ज्या झाडांवर हा आंबा पिकतो, त्यांच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. रत्नागिरीजवळ पावस, गोळप, नेवरे या बाजूस चिऱ्याच्या गडग्याआड आजोबा-पणजोबांनी लावलेली कलमे आजही उभी आहेत. पण त्यांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत, बुंध्याशी रान माजले आहे आणि शेंड्यावरचा आंबा झेल्याच्या टप्प्यात राहिलेला नाही. यातील अनेक बागांचे मालक मुंबई-पुण्यात राहतात; कदाचित हा मजकूर वाचणाऱ्यांतही त्यांपैकी काही असतील.

अशी बाग पूर्वस्थितीत आणणे लाखोंचे काम आहे, हा समज खरा नाही. पूर्वीच्या शिफारशीप्रमाणे 10 मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी 100 कलमे बसतात. झाडे वाढली की हे अंतरही अपुरे पडते आणि ऊन केवळ माथ्यावर उरते. आतल्या फांद्या पाने धरतात, पण मोहोर धरत नाहीत. सावलीत तुडतुडे वाढतात, फवारा शेंड्यापर्यंत पोहोचत नाही आणि औषधाचा खर्च तेवढा चढत जातो. तेव्हा खताच्या आधी प्रश्न उजेडाचा आहे, आणि उजेड आणण्यास कोयती, करवत व जाणता गडी पुरतो.

हाती पैसा थोडा असेल तर कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पहिल्या वर्षी बेणणी करावी, वाळलेल्या फांद्या उतरवाव्यात आणि बांडगूळ काढावे. बांडगुळाचे बी पक्षी फांदीफांदीवर नेतात, त्यामुळे ते नुसते ओरबाडून चालत नाही. शक्य तेथे खालच्या बाजूने फांदीसकट छाटावे लागते. खोडाला छिद्र व खाली भुसा दिसला तर भिरूड लागला असे समजावे आणि तारेने अळी बाहेर काढावी. हद्दीवरचे गवत वेळेत कापणे हेही याच वर्षाचे काम, कारण फाल्गुनातला वणवा वर्षानुवर्षांची कलमे एका दुपारी करपवून जातो.

त्यानंतर मधली उभी वाढलेली फांदी काढून झाडाचा गाभा मोकळा करावा आणि बाजूच्या फांद्या आखूड कराव्यात. हे काम पावसाळा सरल्यावर करावे व प्रत्येक काप बोर्डो पेस्टने झाकावा. ताज्या जखमेवरच भिरूड येतो. खोलवर छाटलेले कलम साधारण तिसऱ्या वर्षी पुन्हा नीट फळाला येते. म्हणून सगळी बाग एकदम छाटू नये. दर वर्षी थोड्या ओळी घेतल्या तर बाकीची झाडे घरखर्च भागवतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हळद-सुरणही घेता येते.

सरकारी मदत आहे, पण तोकडी. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत पुनरुज्जीवनाचा खर्च हेक्टरी 40 हजार रुपये धरून त्याच्या निम्मे, दोन हेक्टरपर्यंत, अनुदान ठेवले होते. म्हणजे कलमामागे 200 रुपये. उंच झाडावर चढून करवत चालवणाऱ्या गड्याची निम्म्या दिवसाची मजुरी तरी त्यात निघेल का, याची शंकाच आहे. असे दर पुढे बदलत असतात, तेव्हा तालुका कृषी कार्यालयात विचारूनच हिशेब मांडावा.

खरी अडचण पैशाच्या अलीकडे आहे. सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात दहा-बारा नावे चढलेली असतात आणि सामायिक जमिनीवरील अनुदानासाठी इतरांची संमती लागते. एक चुलतभाऊ ठाण्यात, दुसरा दुबईत. सहीसाठी दोन वर्षे जातात. मग सोपा मार्ग म्हणून बाग कराराने दिली जाते. वर्षाच्या कराराने बाग घेणाऱ्याला तीन वर्षांनी येणाऱ्या फळासाठी फांद्या छाटण्यात काय स्वारस्य असणार? यंदाचा मोहोर त्याला हवा असतो आणि तो पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या तोंडचे ‘कल्टार’, देऊन मिळवता येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या संजीवकाची मात्रा झाडाच्या विस्तारानुसार ठरवून दिली आहे. ती ओलांडण्याचा मोह कराराच्या स्वरूपातच आहे. शिवाय हे द्रव्य नवी वाढ रोखते, आणि छाटलेल्या झाडाला तर वाढच हवी असते. करणाऱ्याला दोष देण्यापेक्षा करार पाच वर्षांचा करून त्यात छाटणी व संजीवकाची मात्रा लिहून घेणे अधिक शहाणपणाचे.

पुष्कळांना वाटते की झाडे तोडून नवी लावावीत. परंतु आंबा हा 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय तो तोडता येत नाही. नवे कलम उत्पन्न देऊ लागेपर्यंत कित्येक वर्षे जातात ती वेगळीच. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागायतदारांवर हीच पाळी आणली. ज्यांची झाडे मुळासकट उन्मळली त्यांच्यापुढे छाटणीचा पर्यायच उरला नाही.

या वर्षी काम काढायचे असेल तर भावंडांचे एकमत गणपतीत, सगळे गावी जमलेले असतानाच, झालेले बरे. दसऱ्यानंतर झाडावर चढणारे गडी मिळत नाहीत, आणि एकदा मोहोर फुटला की फांदीला हात लावायला कुणीच धजत नाही.