वाचनखुणा घरी ठेवाव्यात की लॉकरमध्ये?

बँकेच्या सेवेत असताना ग्राहक विचारीत, “साहेब, दागिने घरी ठेवावेत की लॉकरमध्ये?” निवृत्तीनंतर तोच प्रश्न निराळ्या रूपाने माझ्यापुढे उभा राहिला. गेल्या दहा-बारा वर्षांत संगणकावर वाचलेल्या लेखांचे सुमारे दीड हजार दुवे, म्हणजेच बुकमार्क, मी जपून ठेवले आहेत. त्यांपैकी दोनशेहून अधिक माझ्या दिवंगत पत्नीने साठवलेले. कित्येकांखाली तिच्या हातची टीप आहे, ‘हे ताईला दाखवणे.’ ताई म्हणजे आमची कन्या.

अशा सेवा बंद पडतात, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झालेली ‘पॉकेट’ ही सेवा २०१७ मध्ये मोझिलाने घेतली आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ऑम्निव्होर’ बंद झाली होती.

पुतण्या म्हणाला, “काका, घरीच छोटा सर्व्हर ठेवा. लिंकडिंग, वॉलाबॅग या प्रणाली विनामूल्य आहेत.” सल्ला चुकीचा नव्हता. वार्षिक वर्गणी नाही, माहिती आपल्याच घरात. परंतु ते यंत्र अहोरात्र चालू ठेवायचे, त्याच्या सुधारित आवृत्त्या चढवायच्या, सुरक्षितता पाहायची आणि राखीव प्रती काढायच्या, हे सारे कोणी करायचे? भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झाले. म्हणून येथे कोणी घरोघरी जनित्र बसविले नाही. आपण वीज विकत घेतो, कारण यंत्र सांभाळणे हे स्वतंत्र काम आहे.

मात्र वीज आणि वाचनखुणा यांत एक भेद आहे. एकाकडची वीज थांबली तर दुसऱ्याकडून तशीच वीज मिळते. पत्नीची टीप दुसऱ्या कोणाकडे मिळणार नाही. म्हणून सशुल्क सेवा घेतली तरी मूळ संग्रहाची प्रत आपल्याजवळ हवीच.

बँकेतील सवयीने मी तीन प्रश्न मांडले. संपूर्ण संग्रह केव्हाही बाहेर काढता येतो का? वर्गणी थकल्यास संग्रहाचे काय होते? आणि माझ्या पश्चात तो कोण उघडणार? तिसऱ्या प्रश्नावर घरचा सर्व्हर नापास झाला. माझ्यानंतर ते यंत्र चालविणारे घरात कोणी नाही. ज्यांच्या घरी जाणते तरुण माणूस आहे, त्यांचे उत्तर वेगळे येऊ शकेल.

अखेरीस मी सशुल्क सेवा घेतली. दर महिन्याच्या एक तारखेला संपूर्ण संग्रह एचटीएमएल फाईलच्या रूपात पेनड्राईव्हवर उतरवितो. ती फाईल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. परंतु वाचकहो, तीत केवळ पत्ते व टिपा असतात, लेख नसतात. मूळ पान नाहीसे झाले की पत्ता निरुपयोगी ठरतो. म्हणून पत्नीने साठवलेले लेख मी एकेक करून पीडीएफमध्ये जतन केले. त्यांतील एकतीस पाने आधीच नाहीशी झाली होती; त्यांच्या केवळ टिपा उरल्या.

राखीव प्रत घेतली एवढ्याने भागत नाही, ती उघडून पाहावी लागते. गेल्या रविवारी ताई आली, तेव्हा पेनड्राईव्ह तिच्या संगणकाला लावला. फाईल उघडली. पासवर्डचा कागद आता मुदत ठेवींच्या पावत्यांसोबत ठेवला आहे आणि तो कोठे आहे, हे तिला ठाऊक आहे.