खरजेचा केसपेपर घराच्या नावे हवा

मांडीवरचे तान्हे, शाळेत जाणारी मुलगी आणि ओसरीवर पडून असलेले आजोबा असे तिघेही एकाच घरात खाजवत असले, तरी त्यांच्या अंगावरच्या खुणा परस्परांशी इतक्या विसंगत असतात की, एकाच व्याधीने तिघांना ग्रासले आहे ही शंकाही घरच्यांना शिवत नाही. तान्ह्याचे तळहात, तळपाय, चेहरा आणि टाळूदेखील पुळ्यांनी भरून जातात; मुलीला त्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती उठतात आणि रात्री पांघरूण घेतले की खाज अनावर होते; आजोबांच्या पाठीची कातडी मात्र नुसती कोरडी पडून खपल्या धरते, आणि वयाने असे व्हायचेच म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः तिघांचे मूळ एकच: गोचिडीच्या जातकुळीतला, जेमतेम ठिपक्याएवढा, त्वचेच्या बाह्य स्तरात बीळ करून राहणारा अष्टपाद जीव. साध्या खरजेत त्याच्या दहापंधरा माद्या अंगावर असतात. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या वृद्ध देहावर, खपल्यांच्या खरजेत, ही संख्या हजारो-लाखोंवर जाते. ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष, तोच कधीकधी घरातला सर्वांत मोठा उगम ठरतो.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत काय, किनवट-मुखेडाकडून वा निलंग्याकडून बसभाडे मोजून आणि दिवसाची मजुरी बुडवून येणारी आई साहजिकच सर्वांत जास्त रडणारे लेकरू तेवढे घेऊन येते. केसपेपर निघतो त्याच्या एकट्याच्या नावाने. मलमही एकट्यापुरतेच मिळते. पहिल्या लागणीनंतर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे आज जिला काही होत नाही ती आईच महिनाभरात बऱ्या झालेल्या लेकराला पुन्हा खरूज देते. मग औषधातच दम नाही असे ठरून दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणले जाते, ज्याने खाज दबते पण जीव मरत नाही. ओरबाडलेल्या जागी पू होतो, आणि त्यातील स्ट्रेप्टोकोकसची लागण काही मुलांच्या मूत्रपिंडांपर्यंत बाधा पोहोचवते.

घर म्हणजे चार भिंतीच असे नव्हे. ऊसतोड कुटुंबाची फडावरची कोपी, किनवट-माहूरकडील आश्रमशाळेचा निवास, लातुरात शिकवणीसाठी आलेल्या मुलांच्या दाटीच्या खोल्या, हीही या दृष्टीने घरेच होत. तेथे खरूज झालेल्या मुलाला अस्वच्छ ठरवणे हा अन्याय आहे, कारण हा जीव अंगाला अंग दीर्घकाळ लागल्याने पसरतो आणि आंघोळीने मरत नाही. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे वाकळा गरम पाण्यात धुवा हा उपदेश उन्हाळ्यात कोणाला झेपणार? शरीरावाचून हा जीव दोनतीन दिवसच तगतो. तेव्हा कपडे-पांघरुणे पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवली तरी चालते, हे आमच्या दुष्काळी मुलखाला आवर्जून सांगितले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला उपेक्षित रोगांच्या यादीत घातले. फिजी बेटांवर अख्ख्या वस्तीला आयव्हरमेक्टिन दिल्यावर वर्षभरात खरजेचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले, हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. आमच्याकडे निदान एवढी तजवीज व्हावी: केसपेपरावर घरातील माणसांची संख्या लिहावी, परमेथ्रिनचे मलम तेवढ्यांना पुरेल इतके द्यावे, ते सर्वांनी एकाच रात्री मानेखाली सर्वांगाला लावावे, तान्ह्याला व वृद्धाला डोक्यालाही, आणि आठवड्याभराने पुन्हा. गर्भवतीला आणि १५ किलोंहून कमी वजनाच्या मुलाला आयव्हरमेक्टिनची गोळी देऊ नये. आणि आजोबांच्या पाठीला मलम कोण लावणार, हे आईला खिडकीवरच विचारून घ्यावे.