युद्ध झालेच नाही, तर मेले कोण?

फ्रान्समध्ये ज्याँ बॉद्रियार नावाचे एक तत्त्ववेत्ते होऊन गेले. २००७ साली त्यांचे निधन झाले. आपल्याकडच्या चर्चासत्रांत 'उत्तर-आधुनिक' म्हणून ज्या विचारवंतांचा जप चालतो, त्यांत हे नाव पहिल्या रांगेत असते. या बॉद्रियारांनी १९९१ च्या जानेवारी ते मार्च या काळात पॅरिसच्या एका दैनिकात आखाती युद्धावर तीन लेख लिहिले. युद्ध होणार नाही, असे पहिल्या लेखाचे म्हणणे. युद्ध खरेच चालू आहे काय, हा दुसऱ्याचा प्रश्न. आणि युद्ध संपल्यावर तिसऱ्या लेखात त्यांनी जाहीर केले, की आखाती युद्ध झालेच नाही!

हे ऐकून सामान्य माणूस हसेल. पण नुसते हसून भागणार नाही. या विद्वानाचे अर्धे म्हणणे आपल्या फार कामाचे आहे आणि उरलेले अर्धे आपल्याला घातक आहे. काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे चळवळीच्या वाचकाने स्वतः ठरवले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

बॉद्रियारांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात प्रतिमेच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर चित्र हे खऱ्या वस्तूचे प्रतिबिंब असते. दुसऱ्या पायरीवर ते खऱ्याला विद्रूप करते. तिसऱ्या पायरीवर मुळात मागे खरे काही नाही, हेच ते झाकून ठेवते. चौथ्या पायरीवर चित्राचा खऱ्याशी काही संबंधच उरत नाही. चित्र हेच वास्तव होऊन बसते. टीव्ही, जाहिराती आणि सिनेमा यांनी आपल्याला या चौथ्या पायरीवर आणून सोडले आहे, असा त्यांचा दावा होता.

आखाती युद्धाने या दाव्याला भरपूर पुरावा दिला, हे मान्य केले पाहिजे. १७ जानेवारी १९९१ ला बगदादवर बॉम्ब पडू लागले आणि सीएनएनने ते जगाला थेट दाखवले. आपल्याकडे मुंबई-दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलांत लोकांनी ते पाहिले. उपग्रह वाहिन्यांची ओढ भारतात तेव्हाच लागली. पडद्यावर काय दिसत होते? हिरवट अंधारात चमकणारे ठिपके आणि खिडकीतून अचूक आत शिरणारे 'स्मार्ट' बॉम्ब. जणू व्हिडिओ गेम! प्रत्यक्षात अमेरिकेने टाकलेल्या बॉम्बपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक साधे, दिशा न धरणारे होते. ते पडद्यावर आलेच नाहीत.

त्याआधीचे एक प्रकरण तर याहून बोलके आहे. १० ऑक्टोबर १९९० ला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकन लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्कविषयक गटापुढे, नायिरा एवढेच नाव सांगितलेली पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी उभी राहिली. इराकी सैनिकांनी इस्पितळात शिरून तान्ह्या बाळांना काचेच्या पेट्यांतून काढून थंड फरशीवर मरायला टाकले, असे तिने रडत रडत सांगितले. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ही कहाणी भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितली. पुढे जानेवारीत सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला मंजुरी मिळाली. १९९२ साली बाहेर आले, की ही मुलगी अमेरिकेतील कुवेतच्या राजदूतांची कन्या होती आणि तिची साक्ष घडवून आणण्यात हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीचा हात होता. पेट्यांच्या त्या कहाणीला पुढे कसलाही विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. रडणे खरे वाटले, म्हणून युद्ध खरे झाले!

इथपर्यंत बॉद्रियार बरोबर आहेत. पण पुढे?

१३ फेब्रुवारी १९९१ ला बगदादच्या आमिरिया वस्तीतील आश्रयस्थानावर दोन बॉम्ब पडले आणि चारशेहून अधिक नागरिक आत जळून मेले. त्यांत बहुसंख्य बायका-मुले होती. ही माणसे कोणत्या पायरीवरची प्रतिमा होती? कुवेतमध्ये राबणारे आपले लोक आठवा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा तिथले भारतीय कामगार कमाई मागे टाकून, वाळवंट तुडवत जॉर्डनच्या छावण्यांत पोचले. दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. घरी येणारे पैसे बंद झाले, चुली विझल्या. या माणसांपुढे उभे राहून 'युद्ध झालेच नाही' असे म्हणण्याची हिंमत कोणता तत्त्वज्ञ करील?

बॉद्रियारांचा हेतू अमेरिकेची तळी उचलण्याचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पडद्यावरचा तमाशा म्हणजे युद्ध नव्हे आणि दोन्ही बाजूंची ताकद इतकी विषम होती की त्याला युद्ध म्हणता येत नाही, असे त्यांना सुचवायचे होते. पण ते घराच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या जागेवरून बोलतात. बॉम्बखाली सापडलेल्याची जागा त्यांच्या मांडणीत नाही. क्रिस्टोफर नॉरिस या इंग्रज अभ्यासकाने १९९२ सालीच त्यांच्यावर कडक टीका केली, ती याचसाठी.

आम्हाला हे दुखणे ओळखीचे वाटते. जग मिथ्या आहे, असे सांगणारे तत्त्वज्ञान या देशात शेकडो वर्षे गाजले. ज्याचे पोट भरलेले होते त्याला जग मिथ्या म्हणणे परवडले. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले जात होते त्याची तहान काही मिथ्या झाली नाही. तथागतांनी सुरुवातच दुःख आहे या सत्यापासून केली आणि त्याचे कारण शोधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हाच धम्म का जवळचा वाटला, याचे एक उत्तर इथे आहे.

आज हा वाद अधिक निकडीचा झाला आहे. आता संगणक कोणाचाही चेहरा, कोणाचाही आवाज घडवून देतो. खोटे खरे भासवले जाईल, हा धोका सर्वजण सांगतात. आमच्या दृष्टीने उलटा धोका मोठा आहे: खरे हेही खोटे ठरवले जाईल. ११ जुलै २०१६ ला गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. मारणाऱ्यांनीच मस्तीत त्याची चित्रफीत पसरवली आणि त्या चित्रफितीने देश हलला. उद्या अशीच चित्रफीत पुढे आली, तर आरोपीचा वकील काय म्हणेल? 'हे संगणकाने बनवले आहे.' आणि आपणच 'सगळेच आभास असते' असे घोकत बसलो, तर त्याला उत्तर कोणत्या तोंडाने देणार? पीडिताकडे सत्तेचे बळ नसते, पैसा नसतो; घडले ते घडले, एवढे एकच त्याच्या हाती असते. तेही काढून घेणारे तत्त्वज्ञान आपले कसे होईल?

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेचे आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा थोर आहे एवढ्यावर काही मानू नका, स्वतः तपासा. ही कसोटी पडद्यालाही लावता येते. चित्र कोणी काढले, कधी, कुठे, कोणाच्या पैशाने आणि त्यातून कोणाचा फायदा झाला, हे विचारा. आणि अत्याचाराच्या प्रकरणात नुसत्या चित्रफितीवर विसंबू नका. मूळ चित्रण जपून ठेवा. त्या गावात जा. साक्षीदारांचे जबाब, पंचनामा, फिर्यादीची प्रत, वैद्यकीय अहवाल हे सारे पहिल्या दोन दिवसांत गोळा करा.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्यांची तक्रार हीच होती, की त्या काळची बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात आणि इतरांची पर्वा करीत नाहीत. वास्तव नाही, असे त्यांनी म्हटले नाही. आपले वास्तव आपणच मांडले पाहिजे, म्हणून त्यांनी पत्र काढले. पडदा कितीही मोठा झाला, तरी हे काम बदललेले नाही.