दीड रुपया टनाचा बांबू

गरीब माणूस जंगल खातो, हा आपल्याकडे जवळजवळ सिद्धान्तच होऊन बसला आहे. जंगल वाचवायचं तर गावकऱ्यांना बाहेर ठेवा आणि तोड कारखान्याच्या शिस्तीवर सोपवा, असं शिकलेली माणसं बिनदिक्कत सांगतात. मला हे साफ अमान्य आहे, आणि माझा साक्षीदार बांबू आहे.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबू मिळेनासा झाला म्हणून त्याच्या टोपल्या विणणाऱ्या बुरुडांनी ओरड केली. १९७५ च्या सुमारास परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी त्याचा अभ्यास सुरू केला. दांडेलीच्या कागद कारखान्याला बांबू मिळत होता टनाला दीड रुपयाने. बुरुडाला तोच बाजारात शेकडो पट भावाने घ्यावा लागे. आणि ऱ्हासाचं खापर मात्र बुरुडांवर आणि गुरांवर! प्रत्यक्ष बांबूच्या बेटाजवळ वाकून पाहिल्यावर गोष्ट उलगडली. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची जाळी असते. बुरूड तिला हात न लावता वरचा बांबू काढत. कारखान्यासाठी तोड करताना ती जाळी ‘साफ’ केली जाई. मग पावसाळ्यात फुटलेला कोवळा कोंब थेट गुरांच्या तोंडी जाई.

दीड रुपयाच्या मालाचा कोंब राखायला कोण खर्च करील? त्यापेक्षा पुढचं जंगल गाठणं स्वस्त. कागद देशाच्या उत्पन्नात जमा होतो, संपलेलं बेट कुठेच वजा होत नाही. घरातलं सोनं मोडून खाल्लं, तर त्याला कमाई म्हणतात का?

‘जंगलावर हक्क दिले तर गावकरीही हेच करतील,’ हा पुढचा आक्षेप. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना. वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात होता. २०११ मध्ये परवानापुस्तक ग्रामसभेकडे आलं. आता बांबू विकायचा कसा, हे ती ठरवते, आणि पुढच्या वर्षीचा कोंबही तिच्याच हिशेबात असतो. प्रत्येक गाव मेंढा-लेखा नसतं, हे खरं. ठेकेदाराच्या उचलीत अडकलेली ग्रामसभा जंगल ओरबाडूही शकते. पण त्यावर उपाय ती उचल तोडणं हा आहे, हक्क काढून घेणं नव्हे.

म्हणून कारखान्याला दर लावताना बेट पुन्हा उभं करायचा खर्च त्यात धरा, आणि तो दर ठरेल त्या बैठकीत ग्रामसभेला बसवा.