ठिणगीचे ठेकेदार

जुन्या एअरकूल्ड गाडीचा मालक वसईत कुठे थांबलेला दिसला की त्याच्याभोवती दोन पंथ जमतात. पहिला सांगतो, पॉइंट-कंडेन्सर उपटून फेका, इलेक्ट्रॉनिक बॉक्स बसवा, लाल रंगाची हाय-पॉवर कॉईल लावा, इरिडियमचे प्लग घाला, गाडी नुसती उडेल. दुसरा छातीवर हात ठेवून बजावतो, ‘ओरिजिनल’ला हात लावलात तर गाडी बाटली. दोघांचाही आवाज मोठा. दोघांच्याही हातात टायमिंग लाइट नाही. या दोन पंथांच्या भांडणात जीव जातो तो इंजिनाचा, म्हणून दोघांनाही एकदा समोर बसवून खडसावायला हवं.

गाडी कुठली, ते आधी सांगतो. फोक्सवॅगन बीटल. इंजिन मागे, चार सिलिंडर आडवे, दोन इकडे नि दोन तिकडे. पाणी नाही, रेडिएटर नाही. डायनॅमोच्या शाफ्टवर बसलेला पंखा हवा ढकलतो आणि त्या हवेवर सिलिंडरचे हेड थंड होतात. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली, तोवर अशा २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. इतक्या गाड्या बनवून, चालवून, उघडून झाल्यावर या इंजिनाचं कुठलं गुपित शिल्लक राहिलं असेल? एकही नाही. तरीही गल्लोगल्ली साक्षात्कार झालेले महंत बसलेत.

आधी बॉक्सवाल्यांकडे वळू, कारण खिसा तेच कापतात. त्यांचा मुख्य मंत्र म्हणजे कॉईलच्या खोक्यावर छापलेला आकडा. चाळीस हजार व्होल्ट! ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात आणि पाकीट उघडतं. आता जरा भौतिकशास्त्र. कॉईलमधला व्होल्टेज चढत जातो आणि प्लगच्या फटीतली हवा ज्या क्षणी फुटते त्या क्षणी तो चढायचा थांबतो. ठिणगी पडली, विषय संपला. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १६०० सीसीच्या मॉडेलमध्येही साडेसातास एक इतकं माफक, प्लगची फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास. एवढी फट ओलांडायला चाळीस हजारांच्या निम्म्यानेही काम भागतं. आंबा दहा फुटांवर लोंबतोय, तर चाळीस फुटांची काठी आणून तो जास्त गोड लागणार आहे का? रेसच्या इंजिनात, जिथे कॉम्प्रेशन भलतं आणि वेग भलता, तिथे तगड्या कॉईलला अर्थ आहे. पन्नास हॉर्सपॉवरच्या बीटलला नाही. ही गाडी अर्नाळ्याच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाणार आहे, हे विकणाऱ्याला चांगलं माहीत असतं. तरी तो विकतो. याला मी फसवणूक म्हणतो.

बरं, नुसते पैसे जाऊन थांबलं तर एक वेळ ठीक. मूळ कॉईलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण तीन ओहम. बारा व्होल्टला चार अँपिअर करंट. पॉइंट असोत की त्यांच्या जागी बसणारं साधं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, दोन्ही एवढं सोसतात. ‘हाय-पॉवर’ म्हणून ०.६ ओहमची कॉईल आणून त्याच तारेवर बसवली तर हिशेब जातो वीस अँपिअरवर. पॉइंट काळे पडतात, मॉड्यूल जळतं, आणि मग तोच महंत येऊन निदान करतो, ‘मॉड्यूल लोकल निघालं, आता महागातलं घ्या.’ स्वतः लावलेल्या आगीचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणाऱ्या या माणसाला आपण ‘साहेब, बघा ना जरा’ म्हणून परत बोलावतो.

खरा मुद्दा ठिणगीच्या ताकदीचा नाहीच. तो आहे ती कधी पडते याचा. आणि एअरकूल्ड इंजिनात हा मुद्दा जिवावरचा आहे. पाण्याच्या इंजिनात टायमिंग थोडं चुकलं तर पाणी उष्णता ओढून नेतं, काटा वर चढतो, माणूस सावध होतो. इथे पाणीच नाही आणि बहुतेक गाड्यांत तापमानाचा काटाही नाही. ठिणगी उशिरा पडली तर मिश्रण उशिरा जळतं, आग एक्झॉस्टच्या वाटेवर पोचते, हेड भाजून निघतात. फार लवकर पडली तर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनला भोक पडतं. त्यातही तीन नंबरचा सिलिंडर सगळ्यात दुर्दैवी. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या पत्र्यात त्याच्या डोक्यावर उभा, म्हणजे याला मिळणारी हवा आधीच अडलेली आणि तापलेली. कारखान्याने पुढे १९७१च्या मॉडेलांपासून कूलर बाजूला सरकवला तो उगीच नाही. अशा इंजिनात टायमिंगची हेळसांड करून वर कॉईलच्या रंगावर चर्चा करायची?

या हेळसांडीचा शिरोमणी म्हणजे ‘झिरो झिरो नाइन’ डिस्ट्रिब्युटर. बॉशचा, नावाजलेला, आणि आता त्याच्या नकलांनी बाजार भरलेला. यात व्हॅक्युमची डबी नसते. ठिणगी किती आधी पाडायची हे तो नुसत्या वेगावर ठरवतो, आतली वजनं फिरून बाहेर फेकली जातात तसतशी. रेसवाल्यांना तेवढं पुरतं, कारण त्यांचा पाय कायम तळाशी. आपला पाय तळाशी कुठे असतो? वसई फाट्यापासून वर्सोवा पुलापर्यंत हायवेवर गाड्यांची रांग लागली की अर्धा पाय दाबा, सोडा, पुन्हा दाबा. अर्ध्या पायावर मिश्रण पातळ, ते सावकाश जळतं, त्याला ठिणगी आणखी लवकर हवी. हे काम व्हॅक्युमचं. कार्ब्युरेटरमधली ओढ एका बारीक नळीतून डबीतला पडदा खेचते आणि पॉइंटची प्लेट काही अंश फिरते. ही नळी काढून टाकली की सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते, गचके देते. आणि मग हाच गचका घालवायला ‘पॉवरफुल’ कॉईल विकली जाते. रोग यांनीच लावला आणि औषधाचं दुकानही यांचंच.

मागच्या हिवाळ्यात भुईगावला एका बीटलचं झाकण उघडून पाहिलं. आत लाल कॉईल, निळ्या जाड वायरी, बॉक्सला चकाकते स्टिकर. कार्ब्युरेटरच्या व्हॅक्युमच्या तोंडाला मात्र रबराचा तुकडा घालून त्यात स्क्रू ठोकलेला. मी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, रोटर चिमटीत धरला आणि आडवा हलवला. शाफ्ट डुगडुगत होता. बुश संपलेलं. म्हणजे प्रत्येक फेरीला पॉइंट वेगळ्या अंतरावर उघडणार, चारही सिलिंडरला ठिणगी वेगवेगळ्या अंशावर पडणार. त्या गाडीवर ओतलेल्या पैशांत बुश बदलून, व्हॅक्युमवाला डिस्ट्रिब्युटर बसवून पैसे उरले असते. मालक सज्जन होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्याने वायरी जोडल्या त्याने रोटरला हात लावून बघितलं नव्हतं, आणि या बेपर्वाईला माझ्याकडे क्षमा नाही.

आता ओरिजिनलवाल्यांकडे या. यांचं तत्त्वज्ञान मोठं उदात्त. पॉइंट म्हणजे परंपरा, मॉड्यूल म्हणजे पाखंड. यांच्या डॅशबोर्डाच्या कप्प्यात हात घाला. पॉइंटचे दोन जादा सेट आणि एक कंडेन्सर निघतोच. जे कधी बिघडत नाही त्याचे सुटे भाग रोज बरोबर कशाला वागवता? चार हजार आरपीएमला पॉइंट सेकंदाला सुमारे १३३ वेळा उघडतात-मिटतात. त्यांची टाच घासते, फट ०.४ मिलिमीटरवरून कमी होत जाते आणि त्याबरोबर टायमिंग मागे सरकतं. शिवाय हल्लीच्या कंडेन्सरांचा दर्जा इतका घसरलाय की नवा घालावा आणि महिन्याभरात गाडी रस्त्यात बंद पडावी. त्यात आपली हवा. तीन बाजूंना खाडी आणि समुद्र, चार महिने पाऊस. गाडी पावसाळाभर झाकून ठेवली की पॉइंटच्या तोंडावर पापुद्रा धरतो आणि गणपतीत चावी फिरवली तर ठिणगीचा पत्ता नाही.

यांना कायद्याचा आधारही हवा असतो. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूप राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरप्लेटवर नोंदवता येते, पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये. ठीक. पण कॅपखाली दोन स्क्रूंवर बसणारं आणि तितक्याच स्क्रूंवर निघणारं मॉड्यूल म्हणजे मोठा फेरफार, असं छाती ठोकून सांगणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीला अलॉय व्हील आणि एलईडी हेडलाइट असतात. हा दुटप्पीपणा बघून डोकं भणाणतं.

यांना वसई स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेत नेऊन उभं करावं. तिथली कित्येक इंजिनं वर्षानुवर्षं हवेवरच थंड होत आलीत, दिवसभर गर्दीत, पावसात, आंबाडी रोडच्या खड्ड्यांत. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर. ज्याचं घर त्या इंजिनावर चालतं तो पॉइंटच्या परंपरेसाठी गळा काढत नाही आणि लाल कॉईलही विकत घेत नाही. कंपनीने दिलेलं वेळेवर साफ करतो नि धंद्याला लागतो. बीटल बनवणाऱ्यांनीही १९९०च्या दशकात मेक्सिकोत पॉइंट सोडून फ्युएल इंजेक्शन आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन धरलं. जन्मदात्याला चालतं, भक्ताला चालत नाही.

मग घ्यायचं काय? माझं मत स्वच्छ आहे. पहिला पैसा डिस्ट्रिब्युटरवर. बुश घट्ट, आतली वजनं मोकळी, व्हॅक्युमची डबी जिवंत. डबी तपासायला यंत्र लागत नाही, नळी तोंडात धरून ओढा, प्लेट फिरली पाहिजे आणि जीभ लावून धरली की तिथेच थांबली पाहिजे. दुसरा पैसा तारांवर. खारी हवा गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी खाऊन टाकते. बॅटरीवर बारा व्होल्ट आणि कॉईलच्या पॉझिटिव्हला दहा, अशा गाड्या आपल्याकडे ढिगाने आहेत. त्यांत हजारो रुपयांचं मॉड्यूलही मिसिंग करणार. हे दोन्ही झाल्यावर कॅपखाली मावणारं साधं चुंबकाचं मॉड्यूल जरूर बसवा, मूळच्याच तीन ओहमच्या कॉईलवर, रेझिस्टन्सवाल्या प्लग वायरी लावून. लाल-काळी तार उलटी जोडू नका. आणि इंजिन बंद ठेवून, चावी चालू ठेवून लग्नाच्या मांडवाबाहेर गाणी ऐकत बसू नका, कॉईल आणि मॉड्यूल दोन्ही तिथेच भाजतात. पॉइंटची सेट केलेली जुनी प्लेट पुढच्या डिकीत असू द्या. अडीअडचणीला तीच घरी आणेल.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. त्याने कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं आणि पिकअप पडतो. तोही दोष कोणीतरी ठिणगीच्या माथी मारून तुम्हाला बॉक्स विकायला येईल. त्याच्याकडे एकच गोष्ट मागा, टायमिंग लाइट. क्रँकच्या पुलीवर पांढरी खूण करून व्हॅक्युमची नळी काढून, बंद करून इंजिन साडेतीन हजारावर नेऊन दाखव म्हणावं, खूण २८ ते ३२ अंशांच्या मधे स्थिर उभी राहते का. जो हे दाखवेल त्याच्याकडूनच गाडीला हात लावून घ्या. जो म्हणेल ‘कानाने कळतं मला’, त्याला चहा पाजा आणि दारातूनच निरोप द्या.