वरच्या मैदानाचा रोज, खालच्या मैदानाचा रोज

अमेरिकेतल्या बेसबॉलशी आपल्याला फारसे देणेघेणे नसेल, पण कष्टाचे मोल कोण ठरवते याच्याशी नक्कीच आहे. म्हणून हा हिशेब मैत्रिणींपुढे मांडावासा वाटतो.

तिथे वरचे संघ म्हणजे मेजर लीग, आणि त्यांना खेळाडू पुरवणारे खालचे संघ म्हणजे मायनर लीग. 2023 मध्ये वरचा किमान पगार वर्षाला 7,20,000 डॉलर होता. खालच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ट्रिपल-एमध्ये, किमान 35,800. पगार मोजतात दिवसांवर. मोसम साधारण 186 दिवसांचा, म्हणजे वर एका दिवसाचे सुमारे 3,900 डॉलर. दहा दिवस वर खेळला की खालची वर्षाची कमाई झाली! मुख्य यादीतल्या चाळीस जणांत नाव आले की खालचा दरही वाढतो. अनेकांच्या करारात मग दोन दर असतात, वरच्या दिवसांचा एक, खालच्या दिवसांचा दुसरा. कोणत्या दिवशी कोण कुठे, हे मात्र क्लब ठरवतो.

वर 172 दिवस भरले की नोकरीचे एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षे झाली की खेळाडू क्लब निवडायला मोकळा. 2015 मध्ये शिकागो कब्जने ख्रिस ब्रायंटला मोसमाच्या सुरुवातीला खाली ठेवले. त्याचे 171 दिवस भरले. एक दिवस कमी! त्याने दाद मागितली, 2020 मध्ये निकाल विरुद्ध गेला. 240 दिवस भरण्याआधी 'ब्रेक' देणारे मालक पाहिलेल्या आपल्या कामगार बायांना ही चाल समजावून सांगायला नको.

खालच्यांना इतके कमी का? म्हणे, ते शिकाऊ आहेत, खेळावरच्या प्रेमापोटी खेळतात. 2018 च्या कायद्याने त्यांचा जादा कामाच्या मोबदल्याचा हक्कच काढून घेतला. मोसमाआधीच्या सरावाला पगार नसे. अंगणवाडीतल्या बाईच्या कामाला 'सेवा' म्हणून मानधनावर भागवणारे आणि हे, बोलतात एकाच तोंडाने.

फरक पडला तो संघटनेने. सप्टेंबर 2022 मध्ये पाच हजारांहून अधिक खेळाडू वरच्यांच्याच संघटनेत आले. 2023 च्या पहिल्या करारात ट्रिपल-एचे 17,500 डॉलरचे 35,800 झाले, सर्वांत खालच्या पायरीचे 4,800 चे 19,800. त्याची किंमतही मोजावी लागली. प्रत्येक क्लबला ठेवता येणाऱ्या खालच्या खेळाडूंची मर्यादा 180 वरून 165 वर आली.

दर वाढला, पण वर-खाली करण्याचा अधिकार मालकाकडेच राहिला. आपणही मजुरीची मागणी लिहिताना एवढे ध्यानात ठेवू या: रोज किती, याच्या जोडीला दिवस कोण मोजणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यायला हवे.