साक्षीदारांविना झालेला कायदा

अमली पदार्थविरोधी विधेयक २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत मांडले गेले, १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि १४ नोव्हेंबरपासून ते देशभर लागू झाले. किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद असलेला इतका कठोर कायदा महिन्याभराच्या आत संमत झाला. ज्यांच्या घरात व्यसनाने शिरकाव केला होता, अशा कुणाची साक्ष त्या गडबडीत नोंदवली जाणे शक्यच नव्हते.

परकीय राजवटीने हे काम अधिक निगुतीने केले होते, हे कबूल करणे अवघड जाते. ब्रिटिश संसदेत १८९३ मध्ये भारतातील गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि सरकारला आयोग नेमावा लागला. त्या आयोगाने प्रांतोप्रांती फिरून अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले. गांजामुळे वेड लागते, या समजाची शहानिशा करण्यासाठी वेड्यांच्या इस्पितळांतील एकेक नोंद पडताळली आणि सरसकट बंदी आवश्यकही नाही व व्यवहार्यही नाही, असा निष्कर्ष दिला. अबकारी महसुलाचा मोह सरकारला होताच. तरीही त्या निष्कर्षामागे पुरावा होता. १९८५च्या कायद्यामागे आंतरराष्ट्रीय करारांचे बंधन आणि धास्ती या दोनच गोष्टी प्रामुख्याने होत्या. भांगेची पाने तेवढी गांजाच्या व्याख्येतून वगळली गेली, म्हणून उत्तरेतील होळी कायद्याच्या कचाट्यातून सुटली.

न विचारता केलेल्या कायद्याची किंमत व्यसनाशी काडीमात्र संबंध नसलेल्यांनीही मोजली. परवान्यांच्या जंजाळामुळे कर्करोगाच्या रुग्णांना वेदनाशमनासाठी लागणारे मॉर्फिन रुग्णालयांतून जवळपास नाहीसे झाले. अफूची परवानाधारक शेती करणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते आणि त्याच भारतातील रुग्ण मॉर्फिनअभावी तळमळत होते. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४च्या दुरुस्तीत ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ही स्वतंत्र वर्गवारी आली. ते विधेयक अर्थविषयक स्थायी समितीकडे गेले होते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच दुरुस्तीत व्याख्येच्या एका उपखंडाचे अक्षर बदलले आणि कलम २७-अ जुन्याच अक्षराकडे बोट दाखवत राहिले. वित्तपुरवठा करणाऱ्या बड्यांना शिक्षा देणारे हे कलम सात वर्षे पोकळ होते. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते लक्षात आणून दिले. सरकारने आधी अध्यादेश काढला आणि हिवाळी अधिवेशनात विधेयक आणले. त्याच वर्षी सामाजिक न्याय मंत्रालयाने, अल्प प्रमाणात स्वतःच्या सेवनासाठी अमली पदार्थ बाळगणाऱ्यास तुरुंगाऐवजी उपचार द्यावेत, अशी शिफारस कायद्याचा कारभार पाहणाऱ्या महसूल विभागाकडे केल्याचे वृत्त होते. विधेयकात तिचा मागमूस नव्हता. पखवाड्यात दोन्ही सभागृहांनी अक्षर दुरुस्त केले. मूळ प्रश्न मात्र फायलीतच राहिला.

हा प्रश्न लहान नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत. अवैध पदार्थांच्या आहारी गेलेल्या चौघांपैकी एकालाच आयुष्यात कधी तरी उपचार मिळाले आहेत. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ कायद्यात आहे. मात्र सेवन हाच गुन्हा असताना, संरक्षण मागण्यासाठी सरकारी दारात जाण्याचे धाडस कोण करणार?

समाजाने यावर आपल्यापुरती वाट काढली आहे. मणिपूरमध्ये इंजेक्शनांतून एचआयव्ही झपाट्याने पसरला, तेव्हा इम्फाळमध्ये व्यसनातून बाहेर पडलेल्या तरुणांनीच संस्था उभारली आणि वापरलेल्या सुया बदलून देण्याचे काम हाती घेतले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. केंद्राच्या कृती आराखड्यानेही समवयस्कांच्या नेतृत्वाखालील उपक्रमांना आता स्थान दिले आहे. पण त्या उपक्रमातील कार्यकर्ता ज्याला भेटायला जातो, त्याच्याच मागावर ठाण्याचा हवालदारही असतो. दोघांचे पगार सरकारी तिजोरीतूनच निघतात.

‘लोकांना विचाराल तर ते फाशीच मागतील,’ असा आक्षेप नॉर्थ ब्लॉकच्या परंपरेला शोभणारा आहे आणि तो अगदीच निराधार नाही. पंजाबच्या मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये तस्करांना पहिल्याच गुन्ह्यासाठी फाशी देण्याची शिफारस केली, ती जनक्षोभामुळेच. मात्र त्याच पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण दवाखान्यांत ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देण्यास आरंभ केला होता. तस्कराला फासावर द्या आणि मुलाला औषध द्या, या दोन्ही मागण्या एकच आई करू शकते. विद्यमान कायद्याला मात्र मुलगा आणि तस्कर यांतील फरक तराजूवरच कळतो, आणि तोही २००१च्या दुरुस्तीनंतर.

तेव्हा पुढील दुरुस्ती अक्षरापुरती नसेल, तर ती स्थायी समितीकडे गेली पाहिजे आणि समितीने तरनतारन, इम्फाळ व मुंबई येथे बैठका घेतल्या पाहिजेत. विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण केंद्राने २०१४ मध्येच आखले आहे. ते बंधनकारक नसल्याने बहुधा बाजूला पडते. समित्यांच्या सूचना मागवणाऱ्या जाहिरातींत मुदत पुष्कळदा पंधरा दिवसांची असते आणि निवेदने इंग्रजी वा हिंदीत पाठवायची असतात. चुराचांदपूरच्या एखाद्या आईचे निवेदन त्या मुदतीत, त्या भाषांत संसद भवनापर्यंत कसे पोहोचावे, याचा विचार समितीच्या सचिवालयाने आधी करावा लागेल.